जिभेखालची गोळी

सोमवार, ३ फेब्रुवारी

निवड झाली! माझी! चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा वर्गात बसायचं – वही, पेन, डबा, सगळं! जिना अक्षरशः उड्या मारत उतरले. खाली सिस्टर म्हणाली, "मॅडम, लॉटरी लागली का?" जवळजवळ तसंच, म्हटलं.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "परदेशी पाठवतायत?" नाही रे बाबा, आपल्याच हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर. त्याचा चेहरा पडला. पडू दे!

काय शिकवणार ते इथे नीट लिहून ठेवते, कारण सकाळपासून जो भेटेल त्याला सांगून सांगून मीच गोंधळलेय. अफूच्या जातीची औषधं – दुखण्यावरच्या जालीम गोळ्या, खोकल्याच्या बाटल्या, काही जण सुईनं घेतात ते – यांची ज्यांना सवय जडते त्यांच्यावर औषधानं इलाज करायचा. औषधानं! आत्तापर्यंत आमचा इलाज म्हणजे बोट नाचवून "मनावर घ्या हो जरा" म्हणायचं आणि पुढच्या पेशंटला हाक मारायची. आता जिभेखाली ठेवायची एक गोळी आहे. नाव लांबलचक आहे, ब्युप्रेनॉर्फिन. तीनदा म्हटलं तर जिभेला गाठ पडते.

हॉस्पिटलमधून आम्ही दोघंच. एक मी – अर्ज केला म्हणून. दुसरा आमचा हाडांचा डॉक्टर, सगळे त्याला हाडवैद्य म्हणतात – कित्येक वर्षांत एकाही ट्रेनिंगला गेला नाही म्हणून साहेबांनी कान धरून पाठवला. मोठ्या साहेबांनी मला तळमजल्यावर एक्स-रेच्या पलीकडची खोलीसुद्धा देऊ केलीय. खोली, बाहेर एक बाक, सगळं माझं! अट एकच – "महिनाअखेरपर्यंत तिथे पेशंट दिसले पाहिजेत. नाहीतर खोली डोळ्यांच्या विभागाला." डोळेवाले तिच्यावर केव्हापासून टपून बसलेत.

दिसतील की पेशंट! न दिसायला काय झालं?

मंगळवार, ४

पहिला दिवस. ट्रेनर बाई बाहेरगावच्या, एवढ्याशा, आवाज मऊ, आणि हसणं म्हणून नाही. आल्या आल्या म्हणाल्या, "या पेशंटना तुम्ही आपापसात काय म्हणता ते फळ्यावर लिहा." झालं, सगळ्यांना चेव आला! गर्दुल्ले, नशेडी, बेवडे (हा शब्द इथे चालतो का, यावर मागे वाद), उकिरडे. फळा भरला. बाईंनी सगळं वाचलं, सावकाश पुसलं आणि म्हणाल्या, "मधुमेहवाल्याला तुम्ही साखरखाऊ म्हणता का?"

सगळ्यांनी घाईघाईनं वह्या उघडल्या.

मग हाडवैद्यानं हात वर केला. "म्हणजे एक गोळी सोडवायची आणि दुसरी लावायची. याला काय अर्थ? नुसतं दुकान बदललं की!" मला वाटलं आता बाई चिडणार. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मोडलेल्या पायाला तुम्ही प्लास्टर घालता तेव्हा पायाला प्लास्टरचं व्यसन लागतं का?" तो म्हणाला, "प्लास्टर मी काढतो." बाई म्हणाल्या, "हाड जुळल्यावर. आधी काढता का?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. खरं तर वाजवल्या. एकटीनंच.

बुधवार, ५

आज हसून हसून पोट दुखलं.

ही गोळी गिळली तर फुकट जाते. जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची आणि तोवर बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, थुंकी गिळायची नाही. पेशंटचे काय हाल होतात ते कळायला नको? म्हणून बाईंनी सगळ्यांना साखरेच्या गोळ्या दिल्या. ठेवा जिभेखाली. गप्प बसा.

गप्प! मला सांगतायत! पहिल्या मिनिटाला मला आठवलं की गॅस बंद केला का नाही. दुसऱ्याला शेजारणीच्या पर्सबद्दल विचारावंसं वाटलं. नंतर तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नुसतं न बोलल्यामुळे. आणि त्या शांततेत – कर्रर्र! हाडवैद्यानं गोळी चावली होती. बाई जवळ आल्या. "काय झालं?" "सवय," तो म्हणाला. अख्खा वर्ग फुटला, तोंडातून साखरेचं पाणी उडालं, पहिल्या रांगेतल्या फार्मासिस्टचा शर्ट गेला कामातून.

बाई तेवढ्यातही हसल्या नाहीत. पण फळ्याकडे तोंड करून जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या, असं मला वाटलं.

गुरुवार, ६

आजचा धडा सगळ्यात महत्त्वाचा, बाईंनी तो तीनदा सांगितला. पहिली गोळी घाईनं द्यायची नाही. आधीचं औषध अंगातून उतरून शरीर मागायला लागेल तेव्हाच द्यायची. लवकर दिली तर पेशंटचे हाल आणखी वाढतात आणि तो पुन्हा तुमच्या दाराला फिरकत नाही. म्हणजे डॉक्टरला वाट पाहता आली पाहिजे! आणि खुणा ओळखता आल्या पाहिजेत – जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, पाय स्वस्थ न राहणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं. शिवाय हे सगळं विचारायचं ते पेशंटचा पाणउतारा न करता. आधी परवानगी घ्यायची, "विचारू का?" म्हणून.

घरचा अभ्यास मिळाला – कोणाला तरी पेशंट करून सराव करा.

आधी नवऱ्याला बसवलं. त्यानं केस विस्कटले, डोळे तिरळे केले आणि माझ्या पर्सवर झडप घातली! नाटकातला खलनायक! हाकलून दिलं त्याला.

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. सकाळपासून त्यांचं बिनसलेलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं लग्नासाठी दुकान बंद ठेवलंय, त्याचा उद्धार चालला होता. एकदम म्हणाल्या, "मला विचार. मी होते पेशंट."

आणि काय केलं त्यांनी! जन्मभर शाळेत पी.टी. शिकवलेली बाई, स्टेजवर कधी पाऊल नाही टाकलं – आणि असा अभिनय! जांभयांवर जांभया. नाक पुसून पुसून रुमाल ओला. पाय जागेवर ठरत नव्हते. मी दंडाला हात लावला तर अंगावर सरसरून काटा! टॉर्च मारली तर बाहुल्या शर्टाच्या बटणांएवढ्या! मी विचारायची, त्या उत्तर द्यायच्या, अगदी तुटक, जणू खरंच नको झालंय. "हाडं आतून कोणीतरी पिळतंय," म्हणाल्या. कुठून सुचलं हे वाक्य?

मधेच विचारतात, "आणि तुमची ती गोळी दिली, की हे सगळं थांबतं का गं?"

"थांबतं तर!" मी म्हटलं, अगदी ऐटीत.

संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या. नवऱ्यानंही वाजवल्या. "आई, तुम्ही चुकीच्या धंद्यात पडलात!" म्हटलं. त्या उठून आत जाऊन पडल्या. कलावंतांचं असंच असतं, दमतात.

शनिवार, ८

पुन्हा सराव. पण आज आईंना काही म्हणजे काही जमेना! मस्त खुशीत होत्या, भाजी निवडत गाणं गुणगुणत होत्या. जांभई द्या म्हटलं तर नुसता आ वासला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. "आज पाट्या टाकताय तुम्ही!" मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "मूड लागतो गं त्याला."

नवरा म्हणतो, मानधन वाढवून मागतायत.

रविवार, ९

औषधवाला लग्नाहून आलाय, सोबत मिठाईचा डबा. दुकान शुक्रवारपासूनच उघडलं म्हणे. मी दिवसभर झोप काढली.

सोमवार, १०

तीनदा लिहायला बसले, तीनदा उठले.

वर्गात प्रत्येकानं घरच्या सरावाबद्दल सांगायचं होतं. मी पहिला नंबर लावला – लावणारच! सासूबाईंचं कौतुक सुरू केलं. जांभया, नाक, पाय, मी करूनही दाखवलं, लोक हसत होते. "आणि बाहुल्या तर एवढ्या मोठ्या केल्या त्यांनी!" मी म्हटलं. "काय ग्रेट अभिनेत्री आहे आमच्या घरात!"

बाई हसल्या नाहीत, पण त्या कधीच हसत नाहीत, त्यामुळे मी बोलतच राहिले. शेवटी त्या म्हणाल्या, "डॉक्टर, बाहुल्यांचा अभिनय कोणालाच करता येत नाही."

मी म्हटलं, "आणि अंगावरचा काटा?"

"तोही नाही."

मग त्यांनी पुढच्या माणसाला उठवलं. मी खाली बसले. हाडवैद्य शेजारी बसला होता, तो अजून हसत होता, माझ्याकडे बघून थांबला.

गुरुवारी दुकान बंद होतं. शनिवारी उघडं होतं. बस्स. एवढं समजायला मला, डॉक्टर असून, चार दिवस आणि भरलेला वर्ग लागला. आणि मी टाळ्या वाजवल्या त्यांच्यासमोर!

घरी आले. आई टीव्ही बघत होत्या. "चहा टाकू का?" म्हणाल्या. टाका, म्हटलं. यापलीकडे माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. माझ्या!

मंगळवार, ११

आजही बोलले नाही. नवरा विचारतो, तुझ्या जिभेखाली गोळी आहे का?

बुधवार, १२

बोललो!

शिकवलं तसंच केलं. जवळ बसले. म्हटलं, "आई, एक विचारू का? नाही म्हणालात तरी चालेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. लगेच उसळल्या. "मी नशेडी आहे का? मी? पहाटे पाचला मैदानावर उभी असायचे मी!" म्हटलं, मी तो शब्द काढलाच नाही. "तुझ्या मनात आहे!" मनातही नाही, आई. फळ्यावर होता, तो पुसला.

मग बराच वेळ त्या गप्प होत्या. मीही. (बाईंनी शाबासकी दिली असती.)

हळूहळू सगळं बाहेर आलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गोळ्या सुरू झाल्या. दुखणं काही महिन्यांत गेलं. पण एखादी गोळी चुकली की अंग मोडून यायचं, हाडं पिळायची, म्हणून चालू ठेवल्या. मग एकीनं भागेना. औषधवाला जुन्याच चिठ्ठीवर देत राहिला. स्वतःहून सोडायचा प्रयत्न केला, एकदा नाही, अनेकदा. आम्हाला वाटायचं, आईंना फ्लू झालाय. मी काढा करून द्यायचे!

"हजारो पोरांना शिस्त लावली गं मी," म्हणाल्या, "आणि एवढ्याशा गोळीपुढे माझी शिस्त चालेना. कोणाला सांगू? गुरुवारी तू विचारलंस तेव्हा वाटलं, खेळात सांगून टाकावं. तर तू टाळ्या वाजवल्यास."

मला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही फुटलं, काय विचित्र आवाज निघाला माझ्या तोंडून! आईंनी आधी दचकून पाहिलं, मग त्याही हसायला लागल्या, मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. नवरा दारात आला, आमच्याकडे बघून उलट्या पावली गेला. शहाणा आहे. नंतर त्याला सगळं सांगितलं. तो आईजवळ जाऊन नुसता बसला, त्यांचा हात धरून.

रडणं आटोपल्यावर आई डोळे पुसून म्हणतात, "मग दे ना ती गोळी. आहे ना तुझ्याकडे?"

तिथेच तर घोडं अडलं. घरचा पेशंट आपण घ्यायचा नाही, असं बाईंनी बजावलंय. मग उरला कोण? अख्ख्या हॉस्पिटलात दुसरं कोण शिकतंय? हाडवैद्य!

"तो?" आई ओरडल्या. "अगं, शाळेत होता माझ्या! त्याला मी मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे! त्याच्यापुढे जाऊन मी सांगू हे?"

आणि मग खरी गोष्ट सांगितली, अगदी हळू आवाजात – "मंडळाला कळलं तर?" मंडळ म्हणजे त्यांच्या संध्याकाळच्या मैत्रिणी. सगळ्यांची गुडघ्याची ऑपरेशनं झालेली, म्हणून नाव गुडघा मंडळ. पार्कात फेऱ्या मारतात, आई पुढे, बाकीच्या मागे. "मी त्यांची कॅप्टन आहे गं. तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

शुक्रवार, १४

पास! दोघंही पास! बाईंनी हात मिळवला. मला म्हणाल्या, "तुम्ही कमी बोललात तर फार चांगल्या डॉक्टर व्हाल." हाडवैद्याला म्हणाल्या, "तुम्ही चांगलं ऐकता. बोलायला शिका." आम्हा दोघांना वाटलं, आपलंच जास्त कौतुक झालं.

जिन्यात त्याला गाठलं. आईंनी परवानगी दिली होती, "सांग एकदाचं" म्हणून. म्हटलं, एक बाई आहेत, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गोळ्यांची सवय लागलीय, तुम्हाला घ्यावं लागेल. "पाठवा की," म्हणाला. मग मी सांगितलं कोण ते.

तो पायरीवर थांबला. "गुडघे मीच केले त्यांचे."

"हो."

"मी दोन आठवड्यांच्याच दिल्या होत्या."

"हो. पुढे त्या तुम्हाला दाखवायला यायच्या, तुम्ही म्हणायचात, चालू ठेवा."

"दुखतं म्हणायच्या ना त्या!" मग जरा वेळानं म्हणाला, "मी गुडघाच बघायचो." आणि सर्टिफिकेटची सुरळी करत खाली निघून गेला.

सोमवार, १७

माझी खोली! चावी माझ्या हातात! पडदा लावला, फुलदाणी ठेवली, सिस्टरनं बाक पुसून चकचकीत केला.

सकाळ भांडणात गेली. साहेबांनी पाटी करून आणली होती – 'व्यसनमुक्ती केंद्र', लाल अक्षरांत, लिफ्टमधूनही दिसेल अशी! म्हटलं, साहेब, या पाटीखाली तुम्ही बसाल का? "मी का बसू?" तेच म्हणतेय मी, कोणीच बसणार नाही. अर्धा तास घासाघीस. शेवटी पाटीवर फक्त 'औषधोपचार' राहिलं. सिस्टर म्हणाली, "मॅडम, यावरून कोणाला काय कळणार?" म्हटलं, काही कळू नये म्हणूनच.

दिवसभरात एक माणूस आला. हुरळून उभी राहिले. त्याला एक्स-रे कुठे आहे ते हवं होतं.

बुधवार, १९

कोणी नाही. एक जण बाकावर बसला! पण तो बुटाची नाडी बांधत होता.

डोळ्यांच्या विभागाचा माणूस मेजरिंग टेप घेऊन येऊन गेला. माझ्या देखत खिडकी मोजली! म्हणाला, "कपाट बसेल ना इथे?" म्हटलं, तुम्हीच बसा त्यात.

शुक्रवार, २१

आई रोज म्हणतात, "पुढच्या आठवड्यात नक्की." आज पाहुणे, उद्या सर्दी, परवा पार्कात फेरी. मी आग्रह करत नाही. वाट बघायला शिकलेय ना! ओठ चावून चावून सोलवटलेत.

त्या मला विचारतात, "आला का कोणी?" नाही म्हटलं की त्यांचाच चेहरा उतरतो. "मला वाटलं, कोणीतरी पुढे असेल," म्हणतात. प्रत्येकाला तेच वाटत असणार. प्रत्येक जण कुठेतरी घरात बसून, कोणीतरी पुढे जाईल म्हणून थांबलाय.

सोमवार, २४

आल्या!!! आई आल्या!

हाडवैद्यानं फोनवर समजावल्याप्रमाणे कालपासून गोळी घेतली नव्हती. सकाळी जांभया, काटा, सगळं त्या सरावाच्या गुरुवारसारखं, पण आज कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जुने पी.टी.चे बूट घातले त्यांनी. नवऱ्यानं गाडी काढली. बाकावर भिंतीकडे तोंड करून बसल्या, शाल डोक्यावरून.

मी घरची, म्हणून मला आत जायची बंदी. दाराच्या काचेतून बघायला बंदी आहे असं कोणी म्हटलं नव्हतं!

हाडवैद्य स्वतः बाहेर आला त्यांना न्यायला. शाळकरी पोरासारखा उभा, हात पाठीमागे. "बाई, आत येता का?" त्या म्हणाल्या, "सरळ उभा राहा आधी." तो राहिला. मग दोघं आत गेले.

आतलं नंतर आईंनीच सांगितलं. त्यानं आधी विचारलं, "विचारू का?" त्यांनी सांगितलं, सगळं, एकही गोष्ट न लपवता. तो गुडघ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होता. बाहुल्या तपासल्या. अंगावरचा काटा पाहिला. मग गोळी. जिभेखाली. मग दोघंही गप्प – त्या बोलू शकत नव्हत्या, त्याला बोलवत नव्हतं. काचेतून मला दोन मुकाट माणसं दिसत होती आणि मी बाहेर, नवऱ्याचा हात इतका दाबून धरलेला की तो म्हणाला, "हाडाच्या डॉक्टरला मलाच दाखवावं लागेल."

गोळी विरघळल्यावर तो म्हणाला, "चुकलं माझं, बाई."

आई म्हणाल्या, "मैदानाला एक फेरी." आणि तो हसला म्हणे, आणि डोळे पुसले.

मग वाट. तासाभरानं त्यांनी दार उघडलं. शाल खांद्यावर आली होती. "अगं," म्हणाल्या, "पाय थांबले!" आणि मला त्यांचे पाय दाखवले, नवीन बूट घेतलेल्या पोरीसारखे पुढे करून. मी कॉरिडॉरमध्ये किंचाळले. एक्स-रेवाला धावत आला.

मंगळवार, २५

आईंना भूक लागली! दोनदा वाढून घेतलं! पुन्हा गेल्या, पुन्हा गोळी, गोळीचं प्रमाण बसतंय म्हणाला हाडवैद्य. नवरा स्वयंपाकघरात शीळ घालतोय. मी त्याला धरून गरागरा फिरवला, वरणाचं पातेलं थोडक्यात वाचलं.

बुधवार, २६

संध्याकाळी आई पार्कात निघाल्या. म्हटलं, कोणाला काही सांगायची गरज नाही हं. "बघते," म्हणाल्या. परत आल्या त्या गप्पच. तडक खोलीत. नवऱ्यानं विचारलं, कोणी काही बोललं का? "कोणी काहीच बोललं नाही," म्हणाल्या. हे तर आणखी वाईट.

गुरुवार, २७

साहेब आले. बाक रिकामा. खोलीत मी आणि फुलदाणी. "एकच पेशंट," म्हणाले, "आणि तीही तुमच्या घरची. याला दवाखाना म्हणत नाहीत, मॅडम." उद्या संध्याकाळी चावी द्यायची. डोळेवाल्यांनी कपाट आणून कॉरिडॉरमध्ये उभंसुद्धा केलंय! त्याला एक लाथ मारली. कपाटाला. माझाच अंगठा सुजला. हाडवैद्यानं पट्टी बांधून दिली.

घरी आईंना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, संध्याकाळभर फोनवर होत्या, दार लावून.

शुक्रवार, २८

बाकावर जागा नाही!!

अख्खं गुडघा मंडळ! शाली, रुमाल, जांभया, एकीचे पाय ठरत नाहीत, दुसरीच्या दंडावर काटा. सगळ्या काल संध्याकाळपासून गोळी न घेता आलेल्या – कॅप्टनचा हुकूम. आई पुढे उभ्या. परवा पार्कात त्यांनी स्वतःचं सांगून टाकलं होतं, तेव्हा कोणी काही बोललं नाही. मग तिथेच एकीनं पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून समोर ठेवलं. मग दुसरीनं. मग सगळ्यांनी.

मी आनंदानं ओरडणारच होते. तेवढ्यात हाडवैद्य आला आणि कॉरिडॉरच्या मध्येच थांबला. बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेला. चेहऱ्यांकडे नाही, खाली.

"मॅडम," म्हणाला, "हे सगळे गुडघे माझे आहेत."

आणि मटकन बसला. बाकावर जागा नव्हती, म्हणून जमिनीवरच.